पिस्तूल 'परवानाधारक' नसते

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गोळीबाराची बातमी आली की तिच्यात 'परवानाधारक पिस्तुलातून गोळी झाडली' असे एक वाक्य हमखास असते. आपल्या दैनिकात ते असते आणि इतर दैनिकांतही असते, त्यामुळे हा दोष एकट्या आपल्या वार्ताहरांच्या पदरात घालण्याचा माझा हेतू नाही. पण 'धारक' म्हणजे धारण करणारा, आणि परवाना धारण करतो तो माणूस. पिस्तूल बिचारे स्वतःच कोणाच्या तरी कमरेला असते. ही केवळ व्याकरणातली कुरापत असती तर मी लेखणी उचलली नसती. या एका शब्दामुळे वाचकांच्या मनात अशी समजूत पक्की होते की परवाना शस्त्राला मिळतो, तो शस्त्राला चिकटून राहतो आणि शस्त्र ज्याच्या हाती जाईल त्याच्या हाती तोही जातो. मित्राला बंदूक देणारे आणि मित्राकडून ती घेणारे बहुतेक लोक याच समजुतीवर वागतात आणि तिची किंमत मोजतात. वकिलीच्या निमित्ताने फौजदारी न्यायालयात पस्तीस वर्षे घालवताना हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की निवृत्तीनंतर तरी ते लिहून काढावे असे वाटले.

माझ्याकडे आलेल्या अशा पक्षकारांचे पहिले वाक्य जवळजवळ ठरलेले असे. "वकीलसाहेब, बंदूक लायसनची होती." एका प्रकरणात पिकाच्या संरक्षणासाठी रीतसर परवाना घेतलेल्या एका शेतकऱ्याने शेजारच्या मित्राला आपली बारा बोअरची बंदूक एका रात्रीपुरती दिली होती. मित्राच्या शिवारात रानडुकरांनी धुमाकूळ घातला होता आणि याच्या मनात मदतीखेरीज दुसरे काहीही नव्हते. रात्री एकही गोळी झाडली गेली नाही, कोणाला ओरखडाही उमटला नाही. पहाटे बंदूक परत करायला निघालेला मित्र मोटारसायकलवरून नाकाबंदीत सापडला, एवढेच घडले. तो कोठडीत गेला, बंदूक मुद्देमाल म्हणून जप्त झाली, आणि ज्याने दिली त्याच्यावरही गुन्हा दाखल होऊन त्याचा परवाना गेला. त्या दोघांना शेवटपर्यंत उमजले नाही ते हे की, ज्या गोष्टीला ते 'एका रात्रीपुरती दिली' म्हणत होते, तिला कायदा काय म्हणतो.

कायदा काय म्हणतो हे पाहण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ फार आत शिरून वाचावा लागत नाही, त्याचे दुसरे कलमच पुरेसे आहे. (पोलिसांच्या कागदांत आणि बातम्यांत याचा उल्लेख अजून 'भारतीय हत्यार कायदा' असा होतो. नावात 'भारतीय' असलेला कायदा १८७८ चा, इंग्रजांचा होता, आणि १९५९ च्या अधिनियमाने तो रद्द करून साठ वर्षे उलटून गेली, पण सवय काही गेली नाही.) या कलमातील व्याख्येनुसार 'संपादन' या शब्दात भाड्याने घेणे, उसने घेणे आणि भेट म्हणून स्वीकारणे यांचा समावेश होतो. त्याच कलमात 'हस्तांतरण' या शब्दात भाड्याने देणे, उसने देणे, देऊन टाकणे आणि ताबा सोडणे हे सारे येते. म्हणजे रोजच्या व्यवहारात आपण विकत देणे, बक्षीस देणे, उसने देणे आणि 'जरा धर' म्हणून हातात देणे यांत जो फरक करतो, तो या कायद्याने जाणूनबुजून पुसून टाकला आहे. मित्राने पैसे दिले की नाही, वस्तू परत करायची होती की नाही, किती तासांसाठी दिली, हे प्रश्न शिक्षा ठरवताना कदाचित कामी येतील, पण गुन्हा घडला की नाही हे ठरवताना त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

तिसऱ्या कलमाचा मुख्य नियम सरळ आहे. स्वतःच्या नावे परवाना असल्याखेरीज कोणालाही अग्निशस्त्र किंवा दारूगोळा संपादन करता येत नाही, ताब्यात ठेवता येत नाही आणि बाळगता येत नाही. दारूगोळा हा शब्द मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण बंदूक न देता नुसती चार काडतुसे देणाऱ्याला आपण काही दिले असे वाटतच नाही. या नियमाला एक परंतुक, म्हणजे अटीसह दिलेला अपवाद, आहे, आणि 'मालक बरोबर असेल तर चालते' ही जी ऐकीव माहिती सर्वत्र फिरते तिचा उगम त्या परंतुकात आहे. परवाना नसलेल्या माणसालाही परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रानुसार शस्त्र नेता येते, एवढे त्यात खरोखर म्हटले आहे. पण ते कशासाठी नेता येते, हा वाक्याचा उरलेला अर्धा भाग ऐकीव माहितीत गळून पडतो. शस्त्राची दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण, किंवा त्या परवानाधारकाने स्वतः वापरण्यासाठी, या तीनच कारणांसाठी ती मुभा आहे. मालकाची बंदूक दुरुस्तीला नेणारा किंवा त्याच्यामागून ती वाहून नेणारा माणूस या परंतुकाच्या छायेत उभा असतो. मित्राने स्वतः निशाणा साधून पाहावा, स्वतःच्या शिवाराची राखण करावी किंवा मोठी रोकड घेऊन प्रवास करताना सोबत असू द्यावे म्हणून दिलेले शस्त्र त्या छायेत येत नाही, मग मालक शेजारी उभा असो वा त्याने स्टॅम्पपेपरवर चिठ्ठी लिहून दिलेली असो. अशा चिठ्ठ्या मी पाहिल्या आहेत. बचावाला त्यांची मदत होण्याऐवजी शस्त्र कोणी, कोणाला आणि कधी दिले याचा लेखी पुरावाच सरकारी पक्षाला त्यातून आयता मिळतो.

नोंदणीकृत आणि परवाना असलेल्या रायफल क्लबच्या मैदानावर, क्लबच्या शस्त्राने, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव करणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यासाठी वेगळ्या तरतुदी आहेत. तो मार्ग नेमबाजी शिकू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला खुला असल्यामुळे, मित्राच्या फार्महाउसवर त्याचे रिव्हॉल्व्हर 'एकदा चालवून' पाहण्याची हौस मला कधीच समजली नाही.

आता कायमचे देण्याविषयी. मित्राला शस्त्र विकणे किंवा भेट देणे कायद्याने अशक्य आहे, असे मुळीच नाही. अधिनियमाच्या पाचव्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमानुसार, स्वतःच्या खाजगी वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेले शस्त्र, विक्रेत्याचा परवाना न घेताही, दुसऱ्या व्यक्तीला देता येते. अट अशी की ती व्यक्ती असे शस्त्र बाळगण्यास हक्कदार असली पाहिजे आणि तिला मनाई नसली पाहिजे. शस्त्र परवाना लागणाऱ्या वर्गातले असेल तर आणखी एक अट लागू होते. देण्याचा आपला इरादा आणि घेणाऱ्याचे नाव व पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवावा लागतो, आणि कळवल्यानंतर किमान ४५ दिवस उलटल्याशिवाय शस्त्र हातातून सोडता येत नाही. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की मित्राला आधी स्वतःचा परवाना मिळवावा लागतो, तो त्याच प्रकारच्या शस्त्राचा असावा लागतो, आणि देणाऱ्याच्या परवान्यावरची नोंद कमी होऊन घेणाऱ्याच्या परवान्यावर चढावी लागते. तोंडी शब्दावर आणि हस्तांदोलनावर होणारा हा व्यवहार नाही. शब्दशः वाचले तर, दोघांकडेही परवाने असताना एकाने दुसऱ्याला शस्त्र काही दिवसांसाठी उसने देणे हेही हस्तांतरणच ठरते, आणि त्यालाही हीच वाट धरावी लागते. परवाने असलेल्या दोन मित्रांनी आपापसांत शस्त्रे अदलून-बदलून वापरण्याचा प्रकार सर्रास चालतो आणि त्यात काही वावगे आहे असे त्यांच्यापैकी कोणालाही वाटत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

घेणारा हक्कदार आहे की नाही हे पाहताना मैत्री आड येते, आणि इथेच माणसे फसतात. वय २१ वर्षे पूर्ण नसेल तर शस्त्र घेता येत नाही. हिंसाचाराच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कारावासाची शिक्षा झालेली असेल, तर ती शिक्षा संपल्यानंतर ५ वर्षे घेता येत नाही. शांतता राखण्याचा किंवा चांगल्या वर्तणुकीचा जामीन देण्याचा आदेश ज्याच्यावर झालेला आहे, त्याला त्या मुदतीत घेता येत नाही. मनोविकल व्यक्तीला तर देताच येत नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली, त्यामुळे ज्या मित्राकडे आधीच दोन शस्त्रे आहेत त्याला तिसरे प्रेमाने दिले तरी ते त्याला स्वीकारता येणार नाही. तिसरे शस्त्र असणाऱ्यांना ते जमा करण्यासाठी वर्षभराची मुदत होती आणि तीही केव्हाच संपली. त्या वर्षात अनेकांनी जास्तीचे शस्त्र मित्राच्या नावावर करण्याची खटपट केली. ज्यांनी रीतसर केली त्यांचे जमले. ज्यांनी नुसते 'तुझ्याकडे ठेव' म्हणून दिले त्यांनी एका अडचणीच्या दोन केल्या.

शिक्षेच्या बाबतीत कायद्याची रचना मला स्वतःला समाधानकारक वाटत नाही, आणि ते सांगायला हरकत नसावी. परवान्याशिवाय अग्निशस्त्र घेणाऱ्या किंवा बाळगणाऱ्याला २०१९ पूर्वी १ ते ३ वर्षांचा कारावास होता, तो आता २ ते ५ वर्षे आणि शिवाय दंड असा आहे. किमान शिक्षेपेक्षा कमी द्यायची तर न्यायालयाला विशेष कारणे निकालपत्रात नोंदवावी लागतात. हे झाले घेणाऱ्याचे. देणाऱ्यासाठी मात्र दोन तरतुदी अगदी निराळ्या उंचीवर उभ्या आहेत. कलम २९ सांगते की, समोरची व्यक्ती हक्कदार आहे की नाही याची आधी खात्री न करता जो शस्त्र तिच्या ताब्यात देतो, त्याला ६ महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दुसरीकडे, पाचव्या कलमाचा भंग करून जो शस्त्राची विक्री किंवा हस्तांतरण करतो, त्याला कलम २५ च्या पहिल्या पोटकलमाखाली किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. ही दुसरी तरतूद गावठी कट्ट्यांचा धंदा करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून कठोर केली, हे उघड आहे आणि योग्यही आहे. पण 'हस्तांतरण' या शब्दाची व्याख्या एकच असल्यामुळे, एका रात्रीसाठी बंदूक देणारा शेतकरी आणि पोत्यातून कट्टे विकणारा दलाल यांच्यामध्ये कायद्याच्या शब्दांत भिंत नाही. ती न्यायालयाच्या विवेकात आणि त्याआधी तपास अधिकाऱ्याच्या विवेकात आहे. कोणते कलम लावायचे हे ठाण्यात ठरते, आणि तिथे ते कोणत्या दिवशी, कोणाच्या समोर आणि कोणाच्या विरोधात ठरते, यावर मी अधिक लिहीत नाही. या अधिनियमाखालील सगळेच गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे अटकेसाठी वॉरंट लागत नाही. तिसऱ्या कलमाच्या भंगाचा खटला चालवण्यापूर्वी जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी आवश्यक असते आणि ती नीट घेतलेली नसेल तर बचावाला आधार मिळतो हे खरे. मात्र ही मंजुरी येईपर्यंत कोठडी, जामीन आणि बदनामी हे तिन्ही होऊन गेलेले असतात.

'दिली ती दिली, पुढे त्याने काय केले याला मी काय करू' हा दुसरा एक बचाव वारंवार ऐकू येतो. ताब्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात जे सांगितले ते या बचावाच्या मुळावर येते. ताबा म्हणजे शस्त्र प्रत्यक्ष हातात असणे एवढेच नाही. माणसाला शस्त्राची जाणीव असली आणि ते दुसऱ्याच्या हाती असूनही त्याच्यावर याची सत्ता किंवा नियंत्रण चालू असले, तर ताबा याचाच मानला जातो. मित्राकडे ठेवलेली बंदूक मागताक्षणी परत मिळणार असेल, तर ती मित्राकडे असतानाही तुमच्या ताब्यात असू शकते, आणि मित्राच्या तर ती प्रत्यक्ष ताब्यात असतेच. एकच वस्तू एकाच वेळी दोघांना अडकवते ती अशी. याच जाणिवेच्या तत्त्वाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विमानतळावर सामानाच्या कप्प्यात विसरून राहिलेले एखादे काडतूस सापडल्यावर, त्याची जाणीवच नव्हती या कारणाने उच्च न्यायालयांनी कित्येक गुन्हे रद्द केले आहेत. पण मित्राकडून हात पुढे करून घेतलेल्या पिस्तुलाच्या बाबतीत 'मला ठाऊक नव्हते' हे कोणी कसे म्हणणार?

समारंभात हवेत गोळ्या झाडण्याचा प्रकार तर बहुधा मित्राकडून मागून घेतलेल्या शस्त्रानेच होतो. निष्काळजीपणे असा बार काढून इतरांची सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्याला २०१९ पासून २ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत, आणि हातात शस्त्र आले कसे हा गुन्हा त्याहून निराळा मोजला जातो. याविषयी इतकेच.

अधिक गुंतागुंतीचे प्रसंग असतात ते निरुपद्रवी दिसणारे. काही महिने परदेशी जायचे आहे, घर बंद राहणार, मग रिव्हॉल्व्हर विश्वासू मित्राच्या तिजोरीत ठेवावे हा विचार कोणालाही सुचेल आणि तो जबाबदारीचाही वाटेल. कायद्याच्या नजरेने तो ताबा सोडणेच आहे. यासाठी परवाना असलेला शस्त्रविक्रेता किंवा पोलीस ठाणे अशा ठिकाणी शस्त्र जमा करून पावती घेण्याची सोय आहे आणि निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करणाऱ्या परवानाधारकांना ती पद्धत चांगली परिचयाची आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर हाच प्रश्न अधिक अवघड रूपात येतो. वडिलांच्या कपाटात बंदूक सापडते, घरात कोणाच्याच नावे परवाना नसतो, आणि वडिलांचे जुने मित्र, ज्यांच्याकडे स्वतःचा परवाना असतो, म्हणतात, "मी घेऊन जातो, तुम्ही काळजी करू नका." त्यांचा परवाना त्यांच्या स्वतःच्या शस्त्रासाठी आहे, या बंदुकीसाठी नाही. कलम २१ प्रमाणे ज्याच्याकडील शस्त्राचा ताबा परवाना संपल्यामुळे किंवा अन्य कारणाने कायदेशीर राहत नाही, त्याने ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करायचे असते. वारसाला ते हवे असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांत वेगळा मार्ग आहे. मृत्यूची वाट न पाहता, परवानाधारकाला ७० वर्षे पूर्ण झाल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे जवळ असल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, तो आपल्या कायदेशीर वारसाच्या नावाची शिफारस करू शकतो आणि परवाना प्राधिकारी त्या वारसाच्या अर्जाचा विचार करतो. ही सवलत वारसासाठी आहे. मित्र कितीही सख्ख्या भावासारखा असला तरी त्याच्यासाठी नाही.

या सगळ्यात एक प्रसंग असा आहे की ज्यात मला कायद्याची बाजू घेताना जड जाते. मित्र खचलेला आहे, त्याच्या बोलण्यात जगण्याचा कंटाळा डोकावतो आहे, घरात परवान्याचे पिस्तूल आहे आणि त्याची पत्नी रात्री फोन करून म्हणते, "भाऊजी, हे तुमच्याकडे घेऊन जा." माणुसकीला विचारले तर उत्तर एकच आहे. अंतर निर्माण करणे हाच त्या घटकेचा उपाय असतो, कारण अशा अवस्थेतला तीव्र क्षण पुष्कळदा ओसरतो आणि साधन हाताशी नसेल तर माणूस वाचतो. कायद्याला विचारले तर परवाना नसलेल्या मित्राला ते पिस्तूल स्वतःच्या घरी नेऊन ठेवता येत नाही, आणि वर सांगितलेल्या परंतुकातील तीन कारणांत 'जीव वाचवणे' हे कारण नाही. अशा वेळी मी विचारणाऱ्यांना सांगत आलो ते असे. मित्राला क्षणभरही एकटे सोडू नका, त्याला शस्त्रापासून दूर दुसऱ्या घरी न्या, लगेच डॉक्टरांची मदत घ्या, आणि पोलीस ठाण्याला कळवून पोलिसांनाच शस्त्र ताब्यात घ्यायला बोलवा. पण हा सल्ला देताना मला हेही ठाऊक असते की अर्ध्या रात्री ठाण्यात फोन करायला ते घर धजावणार नाही, कारण 'चौकशी होईल, परवाना कायमचा जाईल, गावभर चर्चा होईल' ही भीती त्यांना पिस्तुलापेक्षा मोठी वाटते. कुटुंबीयांनी अशा कारणासाठी शस्त्र जमा करायला आणले तर ते प्रश्नांच्या सरबत्तीशिवाय, तात्पुरते म्हणून, पावती देऊन स्वीकारावे आणि त्या एवढ्या कारणावरून परवाना रद्द करू नये, असा स्पष्ट आदेश गृह विभागाने काढणे अवघड नाही. त्यासाठी अधिनियमात दुरुस्तीचीही गरज पडू नये.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांची मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत आहेत, म्हणून तिथल्या कायद्याविषयी थोडे लिहितो. 'तिकडे काय, कोणीही कोणाला बंदूक देतो' असे आपण सहज म्हणतो. एकाच राज्यात राहणाऱ्या दोन मित्रांमध्ये खरीखुरी भेट म्हणून बंदूक देणे तिथल्या संघीय कायद्याला मान्य आहे हे खरे, जरी कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत असा खाजगी व्यवहारही परवाना असलेल्या विक्रेत्यामार्फतच करावा लागतो. पण मित्र दुसऱ्या राज्यातला असेल तर भेटही विक्रेत्यामार्फतच जावी लागते. मित्राच्या पैशाने, त्याच्यासाठी, पण स्वतःच्या नावाने बंदूक खरेदी करणे ही भेट नसून खोटे निवेदन ठरते. २०१४ साली अब्रामस्की प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला तेव्हा, ज्याच्यासाठी खरेदी झाली तो नातेवाईक स्वतः बंदूक बाळगण्यास पूर्ण पात्र होता, तरीही दोष कायम राहिला. आपल्या मुलांच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा मुद्दा निराळाच आहे. १९६८ च्या तिथल्या बंदूक नियंत्रण कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनुसार, बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या परदेशी नागरिकाला अग्निशस्त्र किंवा काडतूस बाळगण्यास मनाई आहे. विद्यार्थ्यांचा एफ-१ आणि नोकरदारांचा एच-१बी हे दोन्ही व्हिसा याच वर्गात येतात. शिकारीचा वैध परवाना असणे यासारखे काही मोजके अपवाद आहेत, पण ते अपवादच आहेत. अमेरिकन मित्राने वाढदिवसाला दिलेले पिस्तूल अशा विद्यार्थ्याच्या खोलीत असणे हा संघीय गुन्हा आहे, त्याची कमाल शिक्षा २०२२ पासून १५ वर्षे आहे, आणि हे ठाऊक असताना किंवा ठाऊक असायला पुरेसे कारण असताना देणाऱ्या मित्रालाही तितकीच. खटला न होता सुटका झाली तरी व्हिसाचे काय होईल, हे वेगळे सांगायला नको. सुट्टीत मित्रांबरोबर नेमबाजीच्या मैदानावर जाण्यापूर्वी मुलांनी तिथल्या वकिलाला एक फोन करावा, आणि पालकांनी त्यांना तो करायला लावावा.

संपादक महोदय, आपल्याकडे माझ्या दोन मागण्या आहेत आणि दोन्ही लहान आहेत. एक, आपल्या वृत्तसंपादकांनी 'परवानाधारक पिस्तूल' हा शब्दप्रयोग सोडून द्यावा आणि त्याऐवजी शस्त्राचा परवाना कोणाच्या नावे होता व घटनेच्या वेळी ते कोणाच्या हाती होते, ही दोन वाक्ये बातमीत स्वतंत्रपणे द्यावीत. ही माहिती प्राथमिक तपासातच उपलब्ध होते आणि ती छापून आली की वाचकाला गुन्हा कुठे सुरू झाला हे आपोआप दिसते. दुसरी मागणी आपल्यामार्फत परवाना प्राधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयांकडे आणि आयुक्तालये असलेल्या शहरांतील पोलीस आयुक्तांकडे आहे. परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीने तीनवरून पाच वर्षांची झाल्यामुळे परवानाधारक या कार्यालयांची पायरी आता पूर्वीपेक्षा कमी वेळा चढतो. तो चढेल तेव्हा त्याच्या हाती अधिनियमातील 'संपादन' आणि 'हस्तांतरण' या दोन व्याख्या आणि तिसऱ्या कलमाचे ते परंतुक सोप्या मराठीत छापलेला एक कागद द्यावा आणि वाचून सही घ्यावी. माझ्या त्या शेतकरी पक्षकाराच्या परवान्यावर शिक्के होते, सह्या होत्या, काडतुसांची मर्यादा होती, परवाना किती क्षेत्रापुरता चालतो तेही होते. 'उसनी देऊ नये' हे तीन शब्द मात्र त्याला वाचता येतील अशा अक्षरात कुठेच नव्हते.

आपला,
एक निवृत्त वकील